आधी पंप, मग गाडी

शंकरराव मढवींनी मला गाडी विकू नये म्हणून जेवढे कष्ट घेतले, तेवढ्या कष्टांत दुसरा माणूस दहा गाड्या विकून मोकळा झाला असता. मला हे असले लोक आवडतात. पण पहिल्या भेटीत मी त्यांच्यावर चांगलीच चिडले होते, हे आधीच सांगून टाकते.

मी अंबरनाथच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी परीक्षानळीत जस्ताचे तुकडे, वर आम्ल आणि नळीच्या तोंडाशी पेटती काडी. 'पॉप' असा आवाज होतो आणि नळीच्या आत दव धरतं. हायड्रोजन जळला की पाणी होतं, एवढंच. मुलं दर वर्षी दचकायची, मी एकदाही दचकले नाही. त्यामुळे हायड्रोजनवर चालणारी गाडी उल्हासनगरच्या शोरूममध्ये आली आहे आणि धुराऐवजी फक्त पाणी सोडते, हे पेपरात वाचल्यावर मला घरी बसवेना. आमचे हे म्हणाले, "बत्तीस वर्षं नळी फुटली नाही, आता निवृत्तीनंतर गाडी फोडून घे." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करण्याचा मला भरपूर सराव आहे.

शोरूम उल्हासनगरच्या कॅम्प चार भागात. पांढरी गाडी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्याभोवती लावलेल्या फुग्यांतली हवा केव्हाच गेली होती. विक्रेत्या पोरांनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण त्या गाडीकडे येणारी माणसं विकत घेत नाहीत हे त्यांना पाठ झालं होतं. शंकरराव तेवढे उठून आले. वय सत्तावन्न, अंगानं दणकट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात लाल पुठ्ठ्याची डायरी. मी गाडीच्या टाकीबद्दल, दाबाबद्दल, हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या पटलाबद्दल विचारायला सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, राहाता कुठं?"

"शिवमंदिरापाशी. पण त्याचा काय संबंध?"

"तोच तर संबंध. उद्या सकाली सातला तुमच्या दारात येतो. आधी पंपावर जाऊन येऊ, मंग गाडीचं बोलू."

"मला गाडी बघायची आहे. पंप कशाला बघू?"

"गाडी काय, हितं उभी हाय. पंप हितं नाय ना."

दुसऱ्या दिवशी सातला दोन मिनिटं कमी असताना गाडी दारात हजर. गाडी चालते कशी हे लिहायला बसले तर पुन्हा वर्गात शिरल्यासारखं होईल. इंजिनाची घरघर नाही, गिअरचा धक्का नाही, पोटातलं पाणी हलत नाही. नेवाळी नाक्यापर्यंत मी मनातल्या मनात गाडी घेऊनही टाकली होती. मग खोणी आली. खोणीला रस्ता असतो, पण तो ट्रकांचा असतो. पंचवीस मिनिटं आम्ही एका सिमेंटच्या मिक्सरकडे बघत बसलो.

पंप तळोज्याच्या पुढे, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात. आख्ख्या पंचक्रोशीत तो एकच. गॅस भरायला पाच मिनिटं लागली आणि कुलूप उघडणारा माणूस सापडायला चाळीस. परतताना पुन्हा खोणी. माझ्या दारात गाडी थांबली तेव्हा अकरा वाजत आले होते आणि माझा सकाळचा चहा राहिला होता.

"आता सांगा बाई," शंकरराव शांतपणे म्हणाले. "हे दर आठ दिवसांनी जमेल?"

मी म्हटलं, "इथे जवळ पंप येणार आहे असं काल निघताना तुमच्या पोरांपैकी एकजण म्हणत होता."

त्यांचा चेहरा बदलला. रागावले नाहीत, पण दार लोटून घ्यावं तसे बंद झाले. "ते मी बोलत नाय," म्हणाले. मग डायरी काढून विचारलं, "तुमचं काय लिहू?"

"लिहा, पंप पंधरा मिनिटांवर असेल तर घेते. नाहीतर नाही."

त्यांनी ते लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि तारीख घातली. मी हसले. आपण आपल्याच तोंडानं काय कबूल केलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

'ते मी बोलत नाय' याच्यामागे काय आहे ते मात्र मला त्याच सकाळी कळलं होतं, तरी माझ्यानं विचारल्याशिवाय राहवलं नव्हतं. खोणीच्या गर्दीत दुसरं करायला काही नसतं, म्हणून माणसं खरं बोलतात. मी शिक्षकी खाक्यात विचारलं होतं, की हा असला उलटा धंदा तुम्हाला शिकवला कुणी. त्यांनी मिक्सरवरची नजर न काढता सांगितलं.

तेवीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका दुकानात सीएनजीच्या रिक्षा विकत. तेव्हा आमच्या बाजूला गॅसचा पंप नव्हता, रिक्षा भरायला खाडी ओलांडून जावं लागायचं. शंकरराव बदलापूरजवळच्या सोनिवलीचे. त्यांचा चुलतभाऊ मधू त्यांच्याहून दीड वर्षानं थोरला, दोघं एकाच ओट्यावर वाढलेले. मधूनं विचारलं, गॅस कुठं भरायचा? शंकररावांनी सांगितलं, पंप येतोय, सहा महिन्यांत येतोय. साहेबांनी त्यांना तसंच सांगितलं होतं आणि त्यांचाही विश्वास होता. मधूनं रिक्षा घेतली. पंप सहा महिन्यांत आला नाही, वर्षात आला नाही. मधू दिवसाआड अर्धा दिवस गॅसच्या रांगेत घालवायचा. एकदा तो असाच रांगेत उभा असताना सोनिवलीत त्याचे वडील गेले.

"मुखात पानी घालायला थोरला पोरगा नाय," शंकरराव म्हणाले. "काकांचा डोला दाराकडं. शेवटी पानी मी घातलं. मधू आला तवा सगलं झालं होतं. त्यानं मना काय बोलला नाय. त्या दिवसापास्नं काय बोललाच नाय."

"आणि पंप?"

"दोन महिन्यांनी आला."

पुढचा ट्रक हलला आणि आम्हीही हललो.

तेव्हापासून त्यांचा हा नेम. कोणतीही गाडी असो, गॅसची असो, विजेची असो की आता ही, गिऱ्हाइकाला त्याच्या स्वतःच्या दारातून पंपापर्यंत आणि पंपापासून दारापर्यंत न्यायचं, मगच बुकिंग घ्यायचं. आणि 'पंप येतोय' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पंप आलेला असेल तर दाखवायचा. नसेल तर नाही म्हणायचं.

शोरूमचा मॅनेजर अमित हे ऐकून रोज कपाळाला हात लावायचा. मी माझी जुनी गाडी तिथंच सर्व्हिसिंगला टाकते, त्यामुळे ही जुगलबंदी मला दोन-चारदा फुकट ऐकायला मिळाली. अमित म्हणायचा, "अंकल, सिर्फ दो लफ्ज बोलायचेत. पंप येतोय. कोण लिहून मागतंय तुमच्याकडे? आज नाय तर कल, येणारच आहे ना?"

"मंग आला की बोलतो."

"तोपर्यंत गाडी परत जाईल. पाडव्यापर्यंत एक तरी बुकिंग पाहिजे, नाहीतर कंपनी गाडी उचलून दुसऱ्या शहरात नेणार. शेठ मला विचारणार, मी तुम्हाला विचारणार."

शेठ सिंधी, म्हातारे आणि स्वभावानं गोड. ते काचेच्या केबिनमधून नुसतं म्हणायचे, "साईं, कुछ तो करो." पण पाडव्याला बुकिंग नसेल तर शंकररावांना स्पेअर पार्टच्या खिडकीवर बसवायचं हे ठरलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. एकतीस वर्षं विक्रीत काढलेल्या माणसानं शेवटची दोन वर्षं खिडकीतून नटबोल्ट द्यायचे. ते दोन शब्द बोलले असते तर वाचले असते. मी त्यांना तसं म्हणूनही पाहिलं. मला लाज वाटते, पण म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांना सांगितलं असतं का, की पेपर सोप्पा येतोय?" मला गप्प बसवणारी माणसं अंबरनाथ-बदलापुरात फार नाहीत.

पाडव्याच्या आठ दिवस आधी माझ्या गाडीचे ब्रेक करायचे होते म्हणून मी शोरूममध्ये बसले होते. कंपनीकडून राजसी नावाची अधिकारी आली. पस्तिशीची, हातात टॅब, चेहऱ्यावर चौकशी. न विकलेल्या गाडीला इतका गॅस का लागतो, हे विचारायला ती आली होती. गाडी कुठून निघते आणि कुठं जाते हे कंपनीला तिकडे बसून दिसतं. तिनं नकाशा उघडला. गिऱ्हाइकाला दाखवायची चक्कर शोरूमपासून दोन किलोमीटरची असायला हवी होती. इथे एकेचाळीस घरांपासून एकेचाळीस रेघा निघून तळोज्याला गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या. मधली एक रेघ माझ्या दारातून निघाली होती.

अमितनं लगेच बोट दाखवलं. "मॅडम, ये अंकल का काम है. मी कितीदा सांगितलं."

राजसीनं शंकररावांना विचारलं, "तुम्ही गिऱ्हाइकांना पंपावर का नेता? तिथं नेल्यावर कोण घेईल?"

"कोनी घेत नाय," शंकरराव म्हणाले. "पन घेऊन घरात उभी करन्यापेक्षा न घेतलेली बरी. ज्याला गाडी देतो तो उद्या रस्त्यात भेटतो, मॅडम. तो बोलला पायजे आपल्याशी."

आणि त्यांनी डायरी तिच्यापुढे ठेवली. मी खुर्ची जरा पुढे ओढली. चोरून वाचणं वाईट, हे मी वर्गात सांगत असे. कॅम्प तीनचे फर्निचरवाले: परत येताना झोपले, नाही म्हणाले. कुळगावचे डॉक्टर: अंबरनाथला पंप असेल तर दोन घेतो, एक मुलीला. बेलवलीचे कॅटरर: डिकी लहान, पंप आला तरी नाही. शिवमंदिरापाशीच्या बाई: पंधरा मिनिटं. फार कडक, पण शब्दाच्या वाटतात.

राजसी उभ्यानं वाचत होती, ती बसली. शेवटच्या पानापर्यंत आली आणि पुन्हा पहिल्या पानावर गेली. मग म्हणाली, "सतरा जणांनी लिहिलंय, पंप आला तर घेऊ."

"मी लिहिलंय. बोलले ते."

"काका, दुसऱ्या एका शहरात आमच्या अकरा गाड्या गेल्या. पंप येतोय असं सांगून. आठ गाड्या झाकून ठेवल्यात, आणि ती माणसं मला फोनवर काय बोलतात ते मी इथे सांगू शकत नाही. पंप कुठे बांधायचा असं वरचे लोक मला विचारतात तेव्हा माझ्याकडे विकलेल्या गाड्यांचा आकडा असतो. कोण खरंच येईल हे आजवर मला कुणी लिहून दिलं नव्हतं." तिनं प्रत्येक पानाचा फोटो काढला. अमितचं बोट केव्हा खाली गेलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

जाताना ती म्हणाली, "मी वर बोलते." शंकररावांनी मान हलवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. मलाही नाही. पाडवा आला आणि गेला. गाडी कंपनीनं तिथंच ठेवली, पण बुकिंग नव्हतं म्हणून शंकरराव खिडकीवर गेले. मी ब्रेकचं तेल घ्यायच्या निमित्तानं भेटायला गेले तर ते वायपर पुसून रांगेत लावत होते. म्हणाले, "हितं बरं हाय बाई. नट मागितला की नट देतो. फसवायची सोयच नाय." मला त्यांचं वाईट वाटायला लागलं होतं, पण त्यांनी वाटू दिलं नाही.

गणपती गेले. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना दाराची बेल वाजली. शंकरराव उभे. हातात लाल डायरी, पान उघडलेलं.

"बाई, चला."

"कुठे?"

"बसा तर खरं."

गाडी शिवमंदिराच्या रस्त्यानं निघाली, स्टेशनकडची गर्दी टाळून एमआयडीसीत वळली. मी खोणीच्या तयारीनं पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेतली होती. पुडा फोडायच्या आत गाडी थांबली. नवी पत्र्याची शेड, नव्या रंगाचा वास, एक नळी, आणि कुलूप उघडणारा माणूस जागेवर. शंकररावांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. अकरा मिनिटं.

"पंधरा लिहिलं होतं तुम्ही," ते म्हणाले. डायरीतलं माझं वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं, तारखेसकट.

अशा रीतीनं मी गाडी घेतली. पूर्ण विकत नाही, कंपनीशी तीन वर्षांचा करार आहे. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे इतकंच म्हणाले की 'पॉप' झालं तर मला आधी उठव. डिलिव्हरी दसऱ्याची ठरली. डायरीतल्या सतरांपैकी नऊ जणांनी शब्द पाळला, बाकीच्यांना अचानक कामं निघाली. शेठनी शंकररावांना खिडकीवरून उठवून पुन्हा बाहेर आणलं आणि अमितनं स्वतः त्यांची खुर्ची पुसली. तो आता गिऱ्हाइकांना सांगतो, "पहले पंप देखो." त्याला वाटतं ही त्याचीच कल्पना आहे.

दसऱ्याच्या दिवशी शंकररावांनी मला एक विनंती केली. सोनिवलीत कुणाच्या हातून नव्या तऱ्हेची पहिली गाडी गेली की ती आधी गावदेवीपुढे आणतात, आणि भाऊबंदांतला थोरला माणूस नारळ फोडतो. गाडी कुणाच्या मालकीची हे बघत नाहीत, कुणी दिली ते बघतात. शंकररावांनी विजेची पहिली गाडी दिली तेव्हाही ती आणली होती. थोरला मधू. तो दर वेळी देवळासमोरच्या आपल्या ओट्यावर बसून राहायचा आणि नारळ दुसराच कुणीतरी फोडायचा. "तुमची गाडी नेऊ का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

गावदेवीसमोर वीसेक माणसं जमली होती. आजूबाजूला उंच इमारती उठल्या आहेत, पण देवळासमोरचा चौक तेवढाच आहे. गाडीच्या मागच्या नळीतून पाणी ठिबकत होतं आणि एका आजीबाईनं ते बोटावर घेऊन डोळ्यांना लावलंही. मी त्यांना रासायनिक सूत्र सांगणार होते, पण सणाचा दिवस म्हणून आवरलं.

मधू ओट्यावरच होता. बारीक, उंच, बनियनवर टॉवेल. त्याची बायको कौसाबाई पायरीवर उभी. ती तिथं का उभी राहते ते मला पाच मिनिटांत कळलं. एकवीस वर्षं हे दोघं भाऊ एकमेकांशी तिच्यामार्फतच बोलत आले आहेत. नळाला पाणी आलं, मीटरवाला आला, कुणाच्या घरी हळद आहे, सगळं तिच्यावरून जायचं. दोघांना एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत असे. तरी ती बाई नीट वळून, शब्द न गाळता, इकडचं तिकडं सांगायची.

मधू ओट्यावरून म्हणाला, "कौसा, त्याला इचार, हिला गॅस कुठं भरतेत."

कौसाबाई वळली. "भावजी, इचारतेत, गॅस कुठं भरतेत."

"सांगा, अंबरनाथला. एमआयडीसीत," शंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"एमआयडीसीत म्हणतेत," कौसाबाईनं सांगितलं.

मधूनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जमलेली माणसं उगाच झेंडूच्या माळेशी खेळत राहिली. मग त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, ओट्यावरून उतरला आणि चौक ओलांडून गाडीच्या पुढ्यात आला. कौसाबाई सवयीनं दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"पयला पंप आला," मधूनं विचारलं, "का पयली गाडी?"

कौसाबाईनं वळून तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मधू तिच्याकडे बघतच नव्हता.

"पयला पंप," शंकरराव म्हणाले. "मंग गाडी."

"तू सोता बघितलास?"

"सोता. बाईंना नेऊन आनलं. अकरा मिन्टं."

मधूनं माझ्याकडे पाहिलं. मी कोर्टात साक्ष द्यावी तसं म्हटलं, "अकरा. घड्याळ लावून."

त्यानं हात पुढे केला. कुणाला तरी समजलं आणि त्यानं नारळ त्याच्या हातात ठेवला. मधूनं तो एका घावात फोडला. पाणी चाकावर ओतलं, एक भकल देवीला ठेवलं, दुसऱ्यातला तुकडा अंगठ्यानं काढून शंकररावांच्या हातात दिला. शंकररावांनी तो तोंडात टाकला नाही. मुठीत धरून नुसते उभे राहिले. सत्तावन्न वर्षांचा दणकट माणूस, डोळे भरून आले तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

सगळ्यांत अवघडली होती कौसाबाई. एकवीस वर्षांचं काम असं उभ्या उभ्या गेलेलं. तिनं पदर सारखा केला, नवऱ्याकडे वळली आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाली, "अवो, तुमच्या भावाला इचारा, च्या घेनार का."

मधूनं मान वर केली.

"शंकर," तो म्हणाला, "च्या घेशील?"

"घेतो ना," शंकरराव म्हणाले, आणि दोघं ओट्याकडे चालू लागले. गाडी माझी होती, दसरा होता, उन्हात उभी मी होते, पण चहाचं मला कुणीही विचारलं नाही. मी आपली बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्या मागोमाग गेले.